गाठीवर कोण बसणार

लहानूनं अंजनाच्या बुंध्याला दोराचे वेढे घातले, शेवटाला गाठ मारली, बुंध्याला पाय लावून दोनदा मागं रेटून बघितलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणला, "बस."

मी बसले. त्यानं सांगितलं म्हणून नाही. अर्धी वाडी बघत उभी होती म्हणून. मागं फिरले असते तर रावजीकाका जन्मभर म्हणत बसला असता, पोरीला नुसतं तोंड आहे.

"गाठीवर काय करत्यात, ठाव हाय का गं?" खेमाबाबानं विचारलं.

"बसत्यात."

"आणि?"

"आणि काय? बसत्यातच."

बाबा हसला. वाडीतला सगळ्यात म्हातारा मधवाला तो. तरुणपणी पाखरकड्यावरून इतक्यांदा खाली उतरलेला, की त्याला म्हणे कड्याच्या सगळ्या खोबणी पाठ होत्या. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस समोर उभा राहिला तर बाबाला फक्त उजेडात एक काळं खांड दिसायचं. तरी कडा म्हणलं की त्याला आणावंच लागायचं, नाहीतर तो काठी टेकत आपला आपण यायचा आणि ते जास्त धोक्याचं.

तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि मला सगळं परत सांगितलं. खालनं एक हिसका आला की दोर सोडायचा. दोन आले की थांबायचं. तीन आले की वर ओढायचं. सोडायला आणि ओढायला चौघं गडी होते, पण त्यांचे हात दोरावर असले तरी कान माझ्याकडं. कड्याखालचा आवाज वर येत नाही, वाऱ्यात फुटतो. म्हणून हिसका मोजायचा आणि ओरडून सांगायचं, हे गाठीवरच्याचं काम. उतरणारा मधाच्या पोळ्यापाशी पोचला की चौघं दोराचा आणखी एक वेढा बुंध्याला घालून मोकळे होणार. मग त्या शेवटच्या वेढ्यावर पाय रोवून बसायचं, म्हणजे तो सरकत नाही. आणि उठायचं नाही.

"आग लागली तरी?"

"आग लागली तरी."

"साप आला तर?"

"त्याला म्हणावं पलीकडनं जा."

बाया हसल्या. मला राग आला. तेव्हा मला कशाचाही राग यायचा.

"आणि मधी मधी हाक मारायची," बाबा म्हणला.

"मी त्याला हाक मारणार नाही."

मी हे एवढ्या जोरात म्हणले की हसणाऱ्या बाया गप झाल्या. लहानू कमरेला दोर बांधत होता, तो त्यानं आणखी आवळला.

"तोंडानं न्हाय गं," बाबा हळूच म्हणला. "दोरानं. हलकासा एक झटका द्यायचा. सोडायचा हिसका जोरात असतो, ही हाक हलकी. लेकराच्या पाठीवर हात ठेवावा तशी. खालनं तशीच हलकी आली की समजायचं, गडी शुद्धीवर हाय."

आता लहानू कोण ते सांगते.

माझा बाप मी चौथीत असताना तापानं गेला. मी तेव्हा आश्रमशाळेत होते. मी आठवीत गेले त्या वर्षी आईनं लहानूशी पाट लावला. लहानू पलीकडच्या खोऱ्यातला. त्याचीही पहिली बायको बाळंतपणात गेलेली. नाव लहानू आणि अंगानं असला उंच, की आमच्या झोपडीच्या दारातून वाकून आला तरी त्याची पाठ वरच्या वाशाला घासायची. पाट झाल्याचं मला घरच्यांनी सांगितलंच नाही. सांगितलं शाळेतल्या एका पोरीनं, जेवणाच्या रांगेत, सगळ्यांसमोर. तुझ्या आईनं दुसरा केला, म्हणली. माझ्या हातात पितळेचा तांब्या होता. तिला तीन टाके पडले आणि मी घरी आले. मुख्याध्यापकांनी नंतर निरोप धाडला की माफी माग आणि परत ये. मी गेले नाही. कुणाची माफी मागायची, ते मला कळत नव्हतं.

घरी आले तर आमच्या चुलीशेजारी हा माणूस. माझ्या बापाच्या खुंटीला ह्याचं घोंगडं. मी त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं आणि खरंच बोलले नाही, दिवाळीपासून शिमग्याच्या पुढंपर्यंत. तो मला कधी काही म्हणला नाही. आई भाकरी टाकून झाली की म्हणायची, मंजे, त्यांना हाक मार जेवायला. मी जर्मनची ताटली दगडावर आपटायचे. तो आवाज ऐकून तो यायचा. आईच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण मला वाटायचं येऊ दे.

मी काही आंधळी नव्हते. मला सगळं दिसायचं. कुडाच्या भोकांतून वारा यायचा ती भोकं शेणमातीनं लिंपली गेली होती. पाण्याचा हंडा आई झऱ्यावरून आणायची, तो आता कधीकधी आधीच भरलेला असायचा. तो जेवताना मधल्या भाकरीचा पापुद्रा काढून ठेवायचा, कारण मला पापुद्रा आवडतो हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. मी तो पापुद्रा कुत्र्याला घालायचे, त्याच्या देखत.

मग वैशाखात वाडीतले लोक घरी आले. पाखरकड्याला त्या साली आग्या मोहोळाची सात पोळी लागली होती, दोन तर पाटीएवढी. बाबाचे डोळे गेल्यापासून वाडीत कड्यावर उतरणारं कुणी राहिलं नव्हतं. कड्याचा मध वाडीचा, पण एखादी वाडी दोन वर्षं उतरली नाही की खालच्या वाडीचे लोक उतरतात, असा आमच्याकडचा रिवाज आहे. एक वर्ष फुकट गेलं होतं. लहानू त्याच्या खोऱ्यात नावाजलेला मधवाला. म्हणून सगळे आमच्या ओट्यावर.

"उतरंन मी," लहानू म्हणला. एवढंच.

"पण गाठीवर कोण बसणार?" रावजीकाका म्हणला. हा माझ्या बापाचा चुलतभाऊ.

आमच्याकडं माणूस कड्यावर उतरला की गाठीवर त्याच्या बायकोचा भाऊ बसतो. त्याचा स्वतःचा भाऊ नाही, बाप नाही, जिवाचा दोस्त असला तरी तो नाही. मेहुणाच लागतो. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. लग्नात मामाच का लागतो असं कोण विचारतं? लहानूच्या पहिल्या बायकोचा भाऊ आधी बसायचा, पण ती गेल्यावर ते नातं राहिलं नाही. आणि माझ्या आईला भाऊच नाही.

रावजीकाका म्हणला, मी बसतो. बाबानं मान हलवली, तू ह्याचा कोण? दुसऱ्या कुणीतरी म्हणलं, मानलेला भाऊ करू एखादा. आई दाराआडून म्हणली, "नगंच ते. जाऊ द्या तो मध. एकदा कपाळ रिकामं झालंय माझं." तिचा आवाज असा काही आला की मला सहन झालं नाही. माझ्या बापाच्या वेळचं रडू ती ह्या माणसासाठी वापरतेय, असं मला वाटलं. मी चुलीपासून उठले आणि दारात येऊन म्हणले,

"कशाला पायजे कुणी? बसवू नका कुणालाच. सुटला दोर तर सुटला."

आईनं मला मागं ओढायला हात पुढं केला. तेवढ्यात लहानूनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही. बाजारात बैल घेताना माणूस बघतो तसं.

"ही बसंल," तो म्हणला.

मग जो गोंधळ झाला तो झाला. पोरीला बसवतोस? आणि असल्या पोरीला? रावजीकाका तर म्हणला, अरे ही गाठ सोडून घरी निघून यायची. लहानू कुणाला उत्तर देत नव्हता. शेवटी त्यानं बाबाला हाताला धरून उठवलं, परसात नेलं आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. बाबा परत आला तो म्हणला, "बसू द्या पोरीला." बाबानं म्हणल्यावर विषय संपला.

मी रात्रभर तळमळले. माझी चेष्टा चाललीय असं मला वाटत होतं. नाहीतर त्याला मला सगळ्यांसमोर पाडायचं होतं. तिसरं काही मला सुचलं नाही.

तर अशी मी गाठीवर बसले. नुकतं उजाडलं होतं. माशा पहाटेच्या गारव्यानं पोळ्याला चिकटून असतात ती वेळ. ओल्या पाल्यात गवत गुंडाळून केलेली धुराची पेंढी आधी खाली सोडली. कड्याच्या काठावर, दोर जिथं दगडाला घासतो तिथं, पोतं चौपदरी करून ठेवलं. लहानूनं कमरेला कोयता अडकवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला. मग खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं.

"उकडतंय," तो म्हणला.

उकडत कसलं होतं, काठावर पहाटेचा गारवा अंगाला लागत होता. पण मी काय विचारणार? त्या घोंगड्याला धुराचा आणि त्याच्या घामाचा वास होता. मी ते काढलं, घडी केली आणि ढुंगणाखाली घेतलं. लहानूनं ते बघितलं. मला वाटलं, त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग तो काठावरून पाठमोरा खाली गेला. आधी पाय गेले, मग छाती, शेवटी टॉवेल.

"एक," मी ओरडले. गड्यांनी दोर सोडला. "एक. एक. दोन."

चौघांनी जादा वेढा घातला, मी त्यावर दोन्ही टाचा रोवल्या आणि उजवा हात दोरावर ठेवला. आता त्याचं सगळं वजन माझ्या टाचांखालून जात होतं. गाठ माझ्या मांडीपासून वीतभर होती. खोटं कशाला सांगू, मी तिच्याकडं बघितलं. एवढीशी गाठ. एवढा उंच माणूस.

"हाक मार," बाबा म्हणला.

मी रागानंच झटका दिला. हलका नाही, चांगला दणकट. खालून उत्तर आलं. हलकं. जणू तो म्हणत होता, अगं हळू.

पुढच्या वेळी मी हलका दिला. तसाच परत आला.

दोराला हात लावून बसलं की खालचं सगळं कळतं, हे मला तेव्हा समजलं. कोयता चालवताना दोर थरथरायचा. तो बाजूच्या खोबणीकडं झुकला की दोर काठावर अंगुळभर सरकायचा. तो दम खायला थांबला की दोर नुसता ताणलेला, गप. मी त्याच्याशी इतके महिने बोलले नव्हते आणि आता त्याचा श्वाससुद्धा मला हाताला लागत होता. मध्येच मी झटका द्यायचे. उत्तर यायचं. कधीकधी मी गरज नसताना दिला. तरी आलं.

बारीक दोरीवरून मधाचा पहिला डबा वर आला. रावजीकाकानं तो बाजूला ठेवला आणि म्हणला, "बसली की गं गप. मला वाटलं पळून जाती."

"तुम्हीच जाल," मी म्हणले.

हे मी उगाच, जिभेला सवय म्हणून म्हणले होते.

बाबानं एकदम नाक वर केलं. "धूर कुठं चाललाय?"

धूर आमच्या तोंडावर येत होता. म्हणजे वारा फिरला होता आणि पोळ्यावर धूर राहिला नव्हता. पाठोपाठ कड्याखालून आवाज आला. लांबून चढावर ट्रॅक्टर यावा तसा, पण तो जवळ येतच राहिला. काठाच्या वर काळं काहीतरी उठलं, पसरलं आणि आमच्याकडं वळलं.

"खाली मुंडी!" कुणीतरी ओरडलं. बाया आधीच झाडीत पळाल्या होत्या. चौघं गडी गेले. रावजीकाका सगळ्यात पुढं. त्याला मी दोष देत नाही. आग्या माशी उठली की बैल दावं तोडून पळतो. माझेपण पाय उठायला बघत होते, पण टाचा वेढ्यावर होत्या आणि वेढ्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता.

मी ढुंगणाखालचं घोंगडं ओढलं आणि डोक्यावरून घेतलं. सगळं अंग झाकलं, फक्त उजवा हात बाहेर. तो दोरावरून काढता येत नव्हता. पहिली माशी मनगटाला चावली तेव्हा डोळ्यांपुढं पांढरं झालं. मग दुसरी, मग मोजायचं काम राहिलं नाही. आणि त्या जाड घोंगड्यावर माशा भुईमूग भाजताना उडावेत तशा तडतडत होत्या. तेव्हा मला कळलं की त्याला उकडत नव्हतं.

दोराला तीन हिसके आले. ओढा.

ओढणार कोण? मी एकटी. वेढ्यावरचे पाय काढले तर तो खालीच जाणार. मी घोंगड्याच्या फटीतून बघितलं, बाबा तिथंच बसला होता. पळता येत नव्हतं म्हणून किंवा पळायचं नव्हतं म्हणून, देव जाणे. त्यानं धोतराचा सोगा डोक्यावर घेतला होता.

परत तीन हिसके.

आणि मग मला ते दिसलं. काठावरचं पोतं सरकलं होतं. दोर उघड्या दगडावर आला होता आणि प्रत्येक हिसक्याला पुढं-मागं घासत होता. दोराचे दोन-तीन धागे तुटून उभे राहिलेले मला एवढ्या लांबून दिसले. माझी नजर पहिल्यापासून तशीच आहे. शाळेत मागच्या बाकावरून मला पहिल्या बाकावरच्या पोरीची वही वाचता यायची.

मी दोन हिसके दिले. थांब.

खालून तीन आले. मी परत दोन दिले, जोरात. थांब म्हणलं ना. मग मात्र दोर गप झाला. हललाच नाही. तो खाली माशांच्या लोंढ्यात होता, धूर नव्हता, अंगावर घोंगडं नव्हतं, आणि ज्या पोरीनं दोर सुटू दे म्हणलं होतं तिनं त्याला थांब सांगितलं होतं. तो थांबला.

"बाबा," मी म्हणले, "पोतं सरकलंय. दोर कापतोय."

"कुठं?"

"काठावर. तुम्ही जावा. मला उठता येत नाही."

"मला दिसत न्हाय गं."

"मला दिसतंय. तुम्ही रांगा. मी सांगते."

बाबा पोटावर झाला. माझ्या डाव्या बाजूनं, दोर चाचपत, तो काठाकडं सरकू लागला. त्याच्या उघड्या पाठीवर माशा बसलेल्या दिसत होत्या. मी सांगत होते, सरळ, आणखी सरळ, आता हात उजवीकडं, नाही, माझ्या उजवीकडं, म्हणजे तुमच्या पण तीच, सरका, बास, पुढं कडा आहे.

"कडा कुठं हाय ते मला नको सांगू," बाबा म्हणला. "पोतं सांग."

"हाताच्या वीतभर पुढं. आता धरा. दोराखाली घाला. दोर उचलणार नाही, ताणलाय, कडेनं कोंबा. आणखी. आणखी कोंबा. बास."

बाबानं पोतं कोंबलं आणि त्यावर स्वतःच आडवा झाला, म्हणजे परत सरकू नये. दगड आणि दोर यांच्या मधी पोतं, आणि पोत्यावर म्हातारा.

आता वाट बघायची होती, बाकी काही नाही. माझा हात सुजून माझा राहिला नव्हता. मी हलकासा झटका दिला. हाक.

उत्तर आलं नाही.

परत दिला. नाही आलं. दोर नुसता ताणलेला, त्यात थरथर नाही, श्वास नाही. मला आई दिसली, दाराआडून बोलताना दिसली होती तशी. मी परत दिला. मी घोंगड्याखाली त्याला मोठ्यानं काहीतरी म्हणत होते, काय ते मला आता आठवत नाही. शिव्याच असतील. आणि मग एक आला. इतका हलका, की दुसऱ्या कुणाच्या हाताला तो वाराच वाटला असता.

त्यानंतर मी थांबलेच नाही. मी मारत होते, तो देत होता. कधी लवकर, कधी खूप वेळानं, पण देत होता.

रावजीकाका परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत पेटलेल्या पेंढ्या होत्या आणि अंगावर कुणाचं तरी लुगडं गुंडाळलेलं. मागं बाकीचे तिघं. त्यांनी आमच्याभोवती धूर केला, बाबाला मागं घेतलं, आणि दोर धरला. मी "तीन" म्हणून ओरडले. माझा आवाज फाटला होता.

आधी टॉवेल वर आला. मग चेहरा. तो चेहरा नव्हता, मडकं होतं. एक डोळा पूर्ण बंद. चौघांनी त्याला काखेत धरून वर घेतला. तो बसला नाही, झोपला नाही, कुणाशी बोलला नाही. रांगत माझ्यापाशी आला. माझ्या टाचा वेढ्यावर आणि हात दोरावर तसाच होता.

"सोड आता," तो म्हणला.

मला सोडायचा होता. बोटंच उघडत नव्हती. त्यानं आपल्या सुजलेल्या बोटांनी माझं एकेक बोट उचललं आणि दोरावरून काढलं.

दुपारी आईनं मला मांडीवर घेतलं, तेरा-चौदा वर्षांच्या घोडीला, आणि नखानं एकेक काटा काढून त्यावर चुना लावला. बाबा शेजारीच ओट्यावर पालथा पडला होता, त्याच्या पाठीचे काटे काढायला दोन बाया लागल्या होत्या, आणि तो त्यांना विनोद सांगत होता. त्याच्या उशाशी मधाचा डबा ठेवला होता. पहिलं बोट गाठीवरच्याचं असतं. त्यानं माझं चांगलं बोट धरून डब्यात बुडवलं आणि म्हणला, "घे, मेहुण्या."

मी चाटलं. गोड होतं आणि त्याला धुराचा वास होता.

"बाबा," मी म्हणले, "त्यानं परसात नेऊन तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"लहानूनं? मी त्याला म्हणलं, येड्या, ही पोर तुझा राग करती. तिच्या हातात जीव देतोस?" बाबानं कूस बदलली आणि कण्हला. "तर म्हणला, मेहुण्याला का बसवत्यात, बाबा? त्याचं आपल्यावर प्रेम असतं म्हणून न्हाय. निम्मे मेहुणे दाजीचा रागच करत्यात. पण त्याला भैण रंडकी झालेली बघवत न्हाय, म्हणून तो गाठ सोडत न्हाय. म्हणला, ह्या पोरीला मी नको हाय. पण आईला तसं झालेलं तिनं एकदा बघितलंय. ती गाठ सोडायची न्हाय. ह्या वाडीत तेवढं कुणी घट्ट धरणार न्हाय."

आईनं माझं मनगट आणखी जवळ ओढलं. मग परत चुना लावू लागली.

आजवर मला बऱ्याच लोकांनी बरंच काही म्हणलंय. तोंडाळ, भांडकुदळ, शाळा सोडलेली. सगळं खरं आहे. पण माझ्या त्या रागाच्या तळाशी काय आहे ते एका माणसानं बघितलं होतं, आणि नुसतं बघितलं नाही, त्यावर स्वतःचं वजन टाकलं होतं. त्यानंतर मी पाच वैशाख गाठीवर बसले. कुणीही विचारलं नाही की गाठीवर कोण बसणार. पण त्यातलं काहीच मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. तेव्हा फक्त हात ठणकत होता.

संध्याकाळी आईनं भाकरी टाकल्या. तवा उतरवला. सवयीनं म्हणली, "मंजे, त्यांना हाक मार." आणि मग तिलाच आठवलं असावं, कारण मी आपटू नये म्हणून तिनं ताटली माझ्यापासून दूर सरकवली.

मी बाहेर गेले. लहानू अंगणातल्या दगडावर पाठमोरा बसला होता. दोर उन्हात वाळवून तो गोळा करत होता, कापलेली जागा हातानं चाचपत. माझी चाहूल त्याला लागली नाही, कान सुजले होते. मी मागं उभी राहिले. त्याला काय म्हणायचं ते मला सुचेना. नावानं हाक कशी मारणार? बा म्हणायला जीभ वळेना, ती पुढं कितीतरी महिन्यांनी वळली.

दोराचं एक टोक माझ्या पायाशी मातीत पडलं होतं. मी वाकले, ते चांगल्या हातात धरलं, आणि हलकासा एक झटका दिला.

त्याचे हात थांबले. त्यानं मान वळवली नाही. थोड्या वेळानं दोराच्या त्या टोकाकडून तसाच एक आला.

मग तो उठला आणि दारात वाकून आत जेवायला गेला.